गिटारचे पिकअप आणि साठीनंतरचे हात

"डॉक्टर, बाबांना हे बंद करायला तुम्हीच सांगा. आमचे ऐकत नाहीत." हे वाक्य मी आजवर अनेक संदर्भांत ऐकले आहे. कधी ते तंबाखूविषयी असते, कधी स्कूटरविषयी, कधी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालण्याविषयी. अलीकडे मात्र ते एका वेगळ्याच गोष्टीविषयी कानी आले. संबंधित गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे, दूरध्वनी केंद्रातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेले. चौदा वर्षांपासून मधुमेह. तरुणपणी हवाईयन गिटार शिकलेले. आता नातवासाठी विजेवर चालणाऱ्या गिटारचे 'पिकअप' घरीच तयार करतात, त्यांची वायरिंग करतात. तर्जनीच्या टोकाला भाजल्याचा चार दिवसांचा जुना फोड होता आणि तो त्यांच्या स्वतःच्या नव्हे, सूनबाईंच्या लक्षात आला होता.

मी छंद बंद करायला सांगितले नाही. का सांगितले नाही आणि त्याऐवजी काय सांगितले, ते सविस्तर लिहिण्याजोगे आहे, कारण रेडिओ-ट्रान्झिस्टरच्या जमान्यात वाढलेल्या पिढीतले असे बरेच हात आता निवृत्त झाले आहेत. त्यांपैकी कोणी गिटारकडे वळतो, कोणी अॅम्प्लिफायर जोडतो, कोणी जुने रेडिओ दुरुस्त करतो. टेबलावरची आयुधे मात्र सर्वांची सारखीच असतात: तापलेले सोल्डरिंग आयर्न, बारीक तार, भिंग आणि चहाचा कप. यांपैकी चहाच्या कपाबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. ती पुढे येईलच.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांना आपले वडील किंवा आई खोलीत बसून नेमके काय करीत आहेत हे कळले, तर निम्मी भीती कमी होते. पिकअप म्हणजे काही लहान चुंबक आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची अतिशय बारीक तार. वर पोलादी तारा असतात. तार छेडली की ती चुंबकाच्या क्षेत्रात कंप पावते, क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो. हे फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचेच तत्त्व आहे. हा दाब मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतका लहान असतो, म्हणून तो पुढे अॅम्प्लिफायरकडे न्यावा लागतो. पिकअपमधून विजेचा धक्का बसण्याचा प्रश्नच येत नाही.

ज्येष्ठ वाचकांपैकी काहींच्या कानात हेच तत्त्व रोज काम करीत असते. अनेक श्रवणयंत्रांत 'टी' अशी खूण असलेली सोय असते. तिच्यामागे टेलिकॉइल नावाचे छोटे वेटोळे असते आणि ते दूरध्वनीच्या किंवा सभागृहातील विशिष्ट तारेच्या चुंबकीय क्षेत्रातून आवाज उचलते. 'टी' सुरू ठेवून ट्यूबलाइटच्या जुन्या चोकजवळ गेल्यावर जो 'गूं' असा आवाज येतो, तोच साध्या पिकअपमध्येही येतो. आपल्या घरातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असल्यामुळे हा घुमारा उठतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडून तो घुमारा नाहीसा करणाऱ्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. तशा जोडपिकअपला आजही 'हमबकर' म्हणतात. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी बाजारात आणलेली विजेची गिटार ही मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची हवाईयन गिटारच होती. तव्याला दांडा लावावा तसा तिचा आकार असल्याने तिला 'फ्राइंग पॅन' हे टोपणनाव पडले. तिचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले. आमच्या या निवृत्त तंत्रज्ञांना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. नातवाच्या वाद्याचा पूर्वज त्यांच्या स्वतःच्या माळ्यावर पडून होता.

तार, डोळे आणि मान

साध्या पिकअपमध्ये साधारणपणे आठ हजार वेढे असतात. तार असते अमेरिकन मापाने ४२ गेजची, म्हणजे जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची. माणसाचा केस साधारण तितकाच असतो. येथे एक व्यावहारिक सूचना. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला वाइंडिंग वायरच्या दुकानात नुसते '४२ नंबर' मागितले, तर बहुधा ब्रिटिश मापाची तार मिळते आणि ती ०.१ मिलिमीटर जाडीची असते. त्या मापाने ४६ नंबर मागावा. जाड तार घेतली की बॉबिनवर पुरेसे वेढे बसत नाहीत, आवाज क्षीण येतो आणि दोन दिवसांचे काम उकलावे लागते. वैद्यकीय लेखात हे कशासाठी, असे कोणास वाटेल. वाया गेलेल्या दोन दिवसांनंतरचा रक्तदाब मी मोजलेला आहे, म्हणून.

इतक्या बारीक तारेशी साठीनंतरच्या डोळ्यांची गाठ पडते. वयाबरोबर बाहुली लहान होते, नेत्रभिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून खोलीतील छताचा दिवा पुरत नाही. कामाच्या वर, किंचित डावीकडे (डावखुऱ्यांनी उजवीकडे), हलविता येणारा दिवा हवा आणि त्याचा प्रकाश थेट डोळ्यांत येता कामा नये. ज्यांना मोतीबिंदूची सुरुवात आहे त्यांना चकाकी फार त्रास देते. त्यांनी टेबलावर काच किंवा पांढरा सनमायका न ठेवता फिकट रंगाचे, चकाकी नसलेले आच्छादन ठेवावे. बारीक तांबूस तार त्यावर उठून दिसते.

चष्म्याबाबत बहुतेकांची गफलत होते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे दिसण्याचा भाग तळाशी, अरुंद पट्टीत असतो. त्या पट्टीतून टेबलावरची तार नेमकी दिसावी म्हणून माणूस मान अवघडून धरतो आणि तासाभराने "खांदा भरून आला" म्हणत उठतो. मानेच्या मणक्यांची झीज असलेल्यांना यातून हाताला मुंग्या येतात, चक्कर येते. यावर गोळी नाही. उपाय आहे कामापुरता वेगळा चष्मा. आपण प्रत्यक्ष काम करतो ते अंतर घरी पट्टीने मोजावे (बहुधा तीस ते पस्तीस सेंटिमीटर भरते) आणि नेत्रतज्ज्ञांना तो आकडा सांगून केवळ त्या अंतराचा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्यावा. तोच चष्मा उडालेल्या सोल्डरच्या थेंबापासून आणि कापलेल्या तारेच्या तुकड्यापासून डोळ्यांचे रक्षणही करतो. टेबलावर चार-पाच इंच उंचीची पेटी ठेवून तिच्यावर काम केले आणि कोपर टेकलेले ठेवले, की मान आपोआप सरळ राहते. भिंगाचा दिवा वापरत असल्यास काम संपल्यावर भिंगावर कापड टाकावे. खिडकीतून आलेल्या उन्हाने भिंगाखालचा कागद पेटू शकतो.

वेढे मोजण्यासाठी हौशी मंडळी एक छान युक्ती करतात. फिरत्या चकतीवर लहान चुंबक लावतात, शेजारी रीड-स्विच ठेवतात आणि तो साध्या कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या चिन्हाच्या कळीला जोडतात. 'एक अधिक एक' दाबून ठेवले की दर फेरीला आकडा एकाने वाढतो. चुंबक जवळ येताच बंद होणारा हा रीड-स्विच ध्यानात ठेवावा. पेसमेकरसंबंधी लिहिताना तो पुन्हा लागणार आहे.

थरथर

"हात थरथरतो, आता हे काम आपले नव्हे," असे म्हणून अनेक जण स्वतःच निवृत्ती पत्करतात. त्यापूर्वी थरथर कोणती आहे हे पाहावे. कप उचलताना, सही करताना, आयर्नचे टोक जोडाजवळ नेताना हात कापत असेल आणि मांडीवर स्वस्थ असताना कापत नसेल, तर ती बहुधा 'इसेन्शियल ट्रेमर' असते. ती पुष्कळदा कुटुंबात चालत आलेली असते आणि तिच्यावर औषधे आहेत. हात स्वस्थ असतानाच, विशेषतः एकाच बाजूचा, कापत असेल आणि हालचाली मंदावल्या असतील, तर कंपवाताची तपासणी हवी. याखेरीज दम्याची सालब्युटामॉल किंवा थिओफायलिनसारखी औषधे, फिट्सवरील व्हॅल्प्रोएट, वाढलेले थायरॉइड, कमी झालेली साखर ही कारणे असतात. ती शोधली की सापडतात. मनाने औषध बंद करू नये, एवढे मात्र पाळावे.

या छंदाचा एक अनपेक्षित उपयोग येथे होतो. ज्याच्या हाताचे जोड वर्षानुवर्षे गोल, चकचकीत येत आले आहेत, त्याचे जोड महिन्या-दोन महिन्यांत ओबडधोबड होऊ लागले, तर काहीतरी बदलले आहे. कदाचित डोळे, कदाचित हात, कदाचित लक्ष. जुना आणि नवा जोड मला आणून दाखवा, असे मी सांगतो. हस्ताक्षरातील बदलासारखाच तो बोलका असतो.

थरथरीवरचा निम्मा उपाय हस्तकौशल्यात नसून पूर्वतयारीत आहे. तार हाताने धरून तिच्यावर टोक टेकविण्याऐवजी ती आधी कंट्रोलच्या कानाच्या छिद्रातून ओवावी आणि चिमट्याने आकड्यासारखी वळवावी. आता ती स्वतःच्या बळावर उभी आहे. तिला धरणारे बोट तापलेल्या टोकाजवळ असण्याचे कारणच उरत नाही. चिमटे लावलेला स्टँड बाजारात 'थर्ड हँड' म्हणून मिळतो. तोही घ्यावा. आमच्या तंत्रज्ञांच्या बोटाला भाजले ते याच कारणाने. चार जोड त्यांनी ओवून केले होते आणि पाचव्याला 'एवढेच तर राहिले' म्हणून तार बोटाने दाबून धरली होती.

तापलेले टोक

सोनार-तांबट ज्याला डाख देणे म्हणतात, तेच हे सोल्डरिंग. फरक इतकाच की येथे टोक सुमारे साडेतीनशे अंश सेल्सिअसवर असते आणि ते लाल दिसत नाही, त्यामुळे तापलेले आहे की थंड, हे नजरेला कळत नाही. मधुमेहात बोटांच्या नसा बोथट झालेल्या असतील तर ते स्पर्शालाही उशिरा कळते. म्हणून मधुमेही व्यक्तीने काम संपल्यावर दोन्ही हात दिव्याखाली उलटसुलट पाहावेत. शक्य तर घरातील दुसऱ्याने पाहावेत. भाजल्यास अंगठी आधी काढावी आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे हात धरावा. घड्याळ लावून वीस मिनिटे. दोन मिनिटे पुरत नाहीत. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नये. भाग पांढरा किंवा काळपट पडून बधिर झाला असेल, सांध्यावर भाजले असेल, अथवा मधुमेह असेल, तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी दाखवावी. चार दिवसांनी नव्हे.

धुराविषयी लोकांची समजूत नेमकी उलटी असते. "शिशाचा धूर नाकात जातो" म्हणून ते घाबरतात. प्रत्यक्षात या तापमानाला शिशाची वाफ नगण्य होते. दिसतो तो धूर सोल्डरच्या गाभ्यातील राळेचा असतो. मात्र तो निरुपद्रवी नाही. राळेचा धूर श्वासनलिकांना संवेदनशील करतो आणि दमा जागवू शकतो. तारेवरील पॉलियुरेथेनचे आवरण आयर्नने जाळून काढताना निघणाऱ्या धुरात आयसोसायनेट वर्गातील द्रव्ये असू शकतात. ती दमेकऱ्यांना अधिकच बाधक. त्यांनी ते आवरण बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून काढावे. माणूस कामावर वाकतो आणि धूर सरळ वर येतो, त्यामुळे नाक नेमके धुराच्या वाटेत असते. लहान पंखा असा ठेवावा की तो धूर चेहऱ्यापासून खिडकीकडे ओढून नेईल. कापडी मास्कचा येथे उपयोग होत नाही.

शिसे शरीरात जाते ते बोटांवरून, तोंडावाटे. नेहमीच्या ६०/४० सोल्डरमध्ये चाळीस टक्के शिसे असते. आता चहाच्या कपाकडे वळतो. सोल्डर हाताळलेल्या बोटांनी बिस्किट उचलणे ही या छंदातील सर्वांत धोकादायक कृती आहे. तिच्याहून वाईट एकच: दोन्ही हात गुंतले म्हणून सोल्डरची तार दातांत धरणे. जुन्या तंत्रज्ञांची ही आवडती सवय, आणि ती मोडावीच लागते. शिसे हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे राहते. प्रौढांत रक्तदाब व मूत्रपिंडांवर त्याचा परिणाम होतो. लहान मुलांच्या मेंदूच्या बाबतीत तर शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. म्हणून कामाचे टेबल जेवणाचे टेबल नसावे, खाली पडलेले कण केरसुणीने न उडविता ओल्या फडक्याने टिपावेत आणि उठताच साबणाने हात धुवावेत. नातवंडे घरात असतील तर शिसेविरहित सोल्डर वापरण्याचा विचार करावा. ते जरा जास्त तापमानाला वितळते, पण सवय होते.

नातवंडांवरून चुंबकांकडे येतो. पिकअपमधील अल्निकोचे दंडचुंबक तुलनेने सौम्य असतात, पण हल्ली मिळणारे निओडिमियमचे चिमुकले चुंबक फार प्रबळ असतात. मुलाने दोन चुंबक गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना चिकटतात, मधल्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतड्याला छिद्र पडते. पोट दुखण्याची वाट पाहू नये. गिळल्याची नुसती शंका आली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. चुंबक मोजून डबीत ठेवावेत आणि काम संपल्यावर पुन्हा मोजावेत.

ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी मघाचा रीड-स्विच आठवावा. पुष्कळशा पेसमेकरमध्ये तसाच स्विच किंवा त्याचे काम करणारा संवेदक असतो. हृदयतज्ज्ञ तपासणीच्या वेळी मुद्दाम त्यावर चुंबक ठेवतात. चुंबक जवळ असेपर्यंत बहुतेक पेसमेकर हृदयाची स्वतःची गती न पाहता ठराविक गतीने ठोके देऊ लागतात. 'आयसीडी' प्रकारच्या उपकरणात तर घातक गती ओळखून झटका देण्याचे कामच बहुधा तेवढ्या वेळापुरते थांबते. चुंबक दूर नेला की उपकरण पूर्ववत होते. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही, परंतु चुंबक छातीपासून किमान पंधरा सेंटिमीटर दूर राहावेत आणि सदऱ्याच्या खिशात कधीही ठेवू नयेत. ट्रान्सफॉर्मर असलेली सोल्डरिंग गन टाळून साधे आयर्न वापरावे, आणि सुरुवात करण्यापूर्वी आपल्या हृदयतज्ज्ञांना विचारावे.

वेटोळे तयार झाल्यावर ते मेणात बुडवितात, म्हणजे सैल वेढे किंचाळत नाहीत. पॅराफिनमध्ये थोडे मधमाश्यांचे मेण मिसळून ते साधारण ६५ अंशांना ठेवतात. हे काम थेट गॅसवर करू नये, कारण तापलेले मेण पेट घेते. पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून करावे, आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकात आणू नये. येथे सूनबाईंची नाराजी मला पूर्णपणे रास्त वाटते.

नीट वायरिंग कशासाठी

दूरध्वनी केंद्रात शेकडो तारांच्या जुड्या मेण लावलेल्या दोऱ्याने ठराविक अंतरावर बांधण्याची पद्धत होती. आमच्या तंत्रज्ञांचा हात त्या शिस्तीत घडलेला. गिटारच्या पोटातील वायरिंग त्यांनी मला दाखविली तेव्हा एखाद्या नीट घातलेल्या वेणीची आठवण झाली. मुलाला हा नीटनेटकेपणा म्हणजे 'बाबांचा हट्ट' वाटत होता. एकच पिकअप जोडायला तीन दिवस कशाला, असा त्याचा प्रश्न. त्याचे उत्तर त्यांनीच दिले: "मला रोज पाऊण तासच स्वच्छ दिसते."

काम फार नसते. पिकअपच्या दोन तारा. सिग्नलची तार व्हॉल्यूम कंट्रोलकडे (साध्या पिकअपला २५० किलोओहम, हमबकरला ५००), तेथून टोन कंट्रोल आणि ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग जॅक. दुसरी तार अर्थची. अर्थच्या सर्व तारा व्हॉल्यूम कंट्रोलच्या पाठीवर एकत्र आणतात आणि एक तार गिटारच्या ब्रिजखाली जाऊन पोलादी तारांना अर्थशी जोडते. सिग्नल व अर्थ यांच्या तारांना एकमेकींचा पीळ देणे, त्या आखूड ठेवून भिंतीच्या कडेने नेणे, उघड्या जोडावर स्लीव्ह चढविणे या सवयींनी घुमारा कमी होतो. कंट्रोलची पाठ धातूची असल्याने उष्णता शोषून घेते. ती आधी पॉलिश पेपरने घासून, तिच्यावर सोल्डरचा पातळ थर देऊन मग तार टेकवावी. हे न करता पंचवीस वॅटच्या आयर्नने मिनिटभर दाबत राहिले की कंट्रोल जळतो आणि हातही. जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने वेटोळ्याचा रोध पाहावा. साध्या पिकअपचा साधारण सहा किलोओहमच्या आसपास येतो. काहीच न दाखविल्यास आत तार तुटली आहे.

ब्रिजला जोडलेली ती एक तार या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्यामुळे वादकाची बोटे, गिटारच्या तारा, केबल, अॅम्प्लिफायरचा सांगाडा आणि भिंतीतील सॉकेटची तिसरी पिन ही एकच साखळी होते. साखळी अखंड असेल तर सर्व काही शांत आणि सुरक्षित. परंतु घराची अर्थिंग तुटलेली असेल, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचे अडॅप्टर लावलेले असेल, आणि त्यातच अॅम्प्लिफायरमध्ये दोष निर्माण झाला, तर घरातील २३० व्होल्ट थेट गिटारच्या तारांवर येऊ शकतात. ही कल्पित भीती नव्हे. 'यार्डबर्ड्स' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे गायक कीथ रेल्फ यांचा १९७६ मध्ये स्वतःच्या घरी, अर्थिंग नीट नसलेल्या उपकरणावर गिटार वाजविताना, विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. त्याआधी १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावर मायक्रोफोनला हात लावताच अशाच प्रकारे गेले.

आपल्याकडील जुने वाडे, चाळी आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारतींत तिसरी पिन पुष्कळदा नावालाच असते. तेव्हा मुलांनी आयर्न लपवून ठेवण्याऐवजी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्यावी आणि मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तो केवळ गिटारसाठी नाही. गिझर, वॉशिंग मशीन आणि ओल्या हातांनी फ्रिज उघडणारी आजी या सर्वांसाठी तो आहे. त्यावरचे 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबून पाहावे. व्हॉल्व्हचा जुना अॅम्प्लिफायर घरात असेल तर तो हौसेने उघडू नये. त्यात कित्येकशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतात.

कोणास धक्का बसून तो उपकरणाला चिकटलेला दिसला, तर त्याला हात न लावता आधी मुख्य स्विच बंद करावा. श्वास नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. माणूस उठून बसला, 'काही झाले नाही' म्हणाला, तरी त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा.

थांबावे कधी

असा छंद केल्याने स्मृतिभ्रंश टळतो असे मी सांगणार नाही. छंद हे औषध नव्हे आणि औषध म्हणून सुरू केलेला छंद टिकतही नाही. परंतु सकाळी अमुक काम करायचे आहे या विचाराने उठणारी माणसे आणि उठून काय करायचे या विचाराने पडून राहणारी माणसे, दोन्ही माझ्या समोरच्या खुर्चीत बसतात. त्यांच्या भुकेत आणि झोपेत मला फरक दिसतो. म्हणूनच घरातील टेबल आवरून टाकण्याचा सल्ला मी सहजासहजी देत नाही.

आयर्न चालू राहिले, असे एकदा घडल्याने काही सिद्ध होत नाही. ते तरुणांकडूनही घडते. आपोआप बंद होणारे सोल्डरिंग स्टेशन किंवा अर्ध्या तासाचा टायमर लावलेले सॉकेट घेतले की प्रश्न मिटतो. मात्र तेच पुन्हा पुन्हा घडत असेल, त्याबरोबर औषधे दोनदा घेतली जात असतील, ओळखीचा रस्ता चुकत असेल, कालच तपासलेल्या जोडाचे आज स्मरण नसेल, तर तापलेले टोक त्या हातात देणे योग्य नाही. आणि मग आयर्न लपविण्यापूर्वी स्मरणशक्तीची रीतसर तपासणी करून घ्यावी. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, ऐकू न येणे अशी दुरुस्त होणारी कारणेही त्यामागे असतात.

माझ्या परिचयातील एका निवृत्त भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेला हा टप्पा आला. त्यांचे यजमान स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यांची काळजी घेणारे. दोघांनाही सर्वच बंद करण्याची कल्पना सहन होईना. आम्ही कामाची वाटणी केली. वेटोळे गुंडाळणे, चुंबकांची दिशा होकायंत्राने तपासणे, तारांना पीळ देणे, कोणत्या रंगाची तार कोठे जाते याची आकृती काढणे ही बिनविस्तवाची कामे बाईंची. आयर्न रविवारी येणाऱ्या भाच्याच्या पिशवीत असते आणि त्याच्याबरोबरच परत जाते. बाईंना भाच्याचे नाव कधी आठवते, कधी नाही. पण गेल्या महिन्यात त्याने दोन तारा अदलाबदल करून जोडल्या, तेव्हा आकृतीवर बोट ठेवून त्यांनी त्याला त्या काढून पुन्हा जोडायला लावल्या.